जगात जर्मनी, भारतात परभणी, घरात धूर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण कोणी आणि कशावरून काढली, याची चौकशी अस्सल परभणीकर करत नाही. मिळालेला मान निमूट घ्यावा. माझा पुतण्या या म्हणीच्या पहिल्या भागात नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत त्यानं व्हिडिओ कॉलवर घरातली पेलेटची शेगडी दाखवली. काचेमागं जाळ, खोलीत ऊब आणि धूर औषधालासुद्धा नाही. म्हणीच्या दुसऱ्या भागाची अब्रू एकदम माझ्यावर येऊन पडली.

परभणीत शेगडी म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. त्यांनी आमचा मे महिना ऐकलेला असतो, डिसेंबर सोसलेला नसतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली की कृषी विद्यापीठातला पारा असा घसरतो, की मुंबईच्या पेपरांनाही परभणी आठवते.

पुतण्याच्या फोटोवरून एका फॅब्रिकेटरनं शेगडी बनवून दिली. जळणाची तर आपल्याकडं ददातच नाही. सोयाबीनचं भुसकट, पऱ्हाटी, तुराटी दळायची आणि यंत्रात दाबायची, की पेन्सिलीच्या जाडीच्या कांड्या, म्हणजेच पेलेट, पडतात. डिंक वगैरे लागत नाही. काडीतलंच लिग्निन उष्णतेनं मऊ होतं आणि भुशाला धरून ठेवतं. हे मी घरात तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अहो, काहीतरी जळायलंय.”

“शेगडी आहे, जळणारच.”

“तिथं जळायलंय ते ठीक. वास माझ्या पोळ्यांना कामून यायलाय?”

फॅब्रिकेटर फोनवर म्हणाला, “सर, नवा रंग तापायलाय. दोन-तीनदा पेटवा, जातो.” रंगाचा वास खरंच गेला. त्याच्या आडून धुराचा आला.

मग कांड्यांवर संशय आला. पोतं मी न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. एक कांडी पेल्यातल्या पाण्यात टाकून पाहिली, तर बघता बघता फुगून तिचा पुन्हा भुसा झाला. म्हणजे जर्मन तंत्रज्ञान उलट्या दिशेनंही चालतं. दमट कांडी जळत नाही, धुमसते. नवं पोतं आणलं, पलंगाखाली ठेवलं. वास निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यासाठी शेजारच्या मामांनी लिंबू-मिरची सुचवली.

शेवटी मी उदबत्ती पेटवली. नवसाची नव्हे, तपासाची. नळकांड्याच्या जोडावरून ती हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर जोड घट्ट, डगमगला तर फट. दुसऱ्याच जोडावर धूर डगमगला. फॅब्रिकेटरनं तिथं नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी थापली होती, तिचा पार कोळसा झाला होता. भट्टीचं सिमेंट लावून पट्टा आवळला. गच्चीवर जाऊन पाहिलं, तर नळकांडं पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लपलेलं. वारा टाकीवर आपटून धूर खाली दाबत होता. नळकांडं टाकीच्या वर काढलं.

तरी वास येतच होता, पण फक्त संध्याकाळी सात ते आठ.

सात ते आठ म्हणजे पोळ्यांची वेळ. मी शेगडीच्या दाराशी उदबत्ती धरून बसलो. धूर सरळ वर जात होता. बायकोनं स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला आणि धूर वळून तिच्याकडं निघाला. गारठा येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटी मीच पेपरचे बोळे कोंबून बुजवल्या होत्या. पंखा हवा बाहेर टाकणार, तर आत कुठून तरी आलीच पाहिजे. घराला एकच भोक उरलं होतं, ते म्हणजे माझी चिमणी.

“आमच्या आईच्या माळवदाला धूर जायला सवणं होतं,” बायको म्हणाली. “आणि दार कायम उघडं. तिला कुठं जर्मनी लागली?”

हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर 1953 मध्ये पुस्तक काढलं. तेव्हा परभणी हैदराबाद राज्यातच होती. म्हणजे पुतण्याला फोन न करताही भागलं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. पण एक सांगितलं. धूर वास देऊन सावध तरी करतो. त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच संपवतो. त्यावर तिनं काही न बोलता खिडकीतले सगळे बोळे उपसून शेगडीत घातले.

आता पंखा लावायच्या आधी खिडकी वीतभर उघडली जाते. वास अजिबात येत नाही. डिसेंबरचं वारं तेवढं थेट आत येतं, आणि मी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून शेगडीसमोर बसतो.