किलोभर डाळीला लाच म्हणू नका

बाळाला लस टोचून घ्यायला आलेल्या बाईच्या पदरात किलोभर डाळ घातली, की शहाण्यासुरत्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही लाच झाली, म्हणतात. स्वतःच्या लेकराच्या भल्यासाठीही यांना आमिष दाखवायचं का?

दाखवायचं. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर हे करून पाहिलं. २०१० साली निष्कर्ष छापून आले. जिथे वेगळं काहीच केलं नाही, तिथे सगळ्या लशी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के. जिथे दर महिन्याला न चुकता शिबिर भरलं, तिथे १८. आणि शिबिराबरोबर दर लशीला किलोभर डाळ, सगळ्या लशी झाल्यावर जेवणाच्या थाळ्या दिल्या, तिथे ३९.

यातली पहिली उडी डाळीची नाही, हे आधी ध्यानात घ्या. ती नर्स ठरल्या दिवशी हजर असण्याची आहे. याच जिल्ह्यात सरकारी उपकेंद्रांना कुलूप दिसणं नेहमीचं होतं. कडेवर मूल घेऊन चालत आलेली बाई बंद दारावरून परत गेली, तर अडाणी कोण?

आया लशीच्या विरोधात नव्हत्याच. शिबिरात बाळाला पहिली लस बहुतेक जणी टोचून घेत; गळती पुढच्या फेऱ्यांत होई. त्या दिवसाची मजुरी बुडते, रात्री पोर तापाने फणफणतं, आणि न झालेला गोवर कुणाला दिसत नाही. डाळ मात्र त्याच संध्याकाळी शिजते. मार्चअखेरीला कर वाचतो म्हणून धावतपळत विमा उतरवणारे आपण याहून वेगळं काय करतो? त्या सवलतीला कुणी लाच म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. शाळेतल्या खिचडीलाही आपण तसं म्हणत नाही.

पैसे उधळले म्हणावं, तर तेही खरं नाही. नर्सचा दिवसाचा पगार पाच मुलं आली तरी तेवढाच, पन्नास आली तरी तेवढाच. डाळीमुळे गर्दी वाढली आणि लशी पूर्ण झालेल्या दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला.

तरीही त्या गावांतली ६१ टक्के मुलांच्या लशी अपुऱ्याच राहिल्या. डाळ देणं चूक की बरोबर यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका; या मुलांपर्यंत कसं पोचायचं, ते बोला.