मुक्ताच्या डोक्याची हकीकत

ब्रिस्बेन, रविवार दुपार

ती. सौ. आईस,


हे फोनवर सांगता येत नाही, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि समोर कोणी ना कोणी चहाला बसलेलं असतं. मुक्ताच्या डोक्यात उवा झाल्यात. "एवढ्या चकचकीत देशात? काऊन?" असं तू म्हणणार, ते इथूनच ऐकू आलं. अगं, उवेला स्वच्छ डोकंही चालतं. ती उडत नाही, उडी मारत नाही, नुसती केसावरून केसावर चालत जाते. आणि दुसरीतल्या चार मुली एका आयपॅडवर वाकल्या की तिला रस्ता तयारच.

शाळेतून चिठ्ठी आली: वर्गात उवा आढळल्या आहेत, डोकी तपासावीत. कोणाच्या, ते लिहीत नाहीत. मग फाटकाशी उभ्या सगळ्या आया "आमच्याकडे नाही हं" म्हणत डोकं खाजवत होत्या.

तुझ्या जावयांनी त्याच संध्याकाळी व्हॅक्यूम काढला. गालिचा, सोफा, गाडीच्या सीटा, काही सोडलं नाही. मी त्यांना वाचून दाखवलं की टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या मंडळींनी 118 वर्गांतले गालिचे तपासले होते. मुलांच्या डोक्यांत चौदा हजारांवर उवा निघाल्या, गालिच्यावर एकसुद्धा नाही. (मोजल्या कोणी असतील, ते मला विचारू नकोस.) डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. ते ऐकून जावई जरा रुसले, पण व्हॅक्यूम थांबला नाही.

आता मुद्द्याचं. सीताफळाच्या बियांची पूड पाठवू नकोस. इथल्या विमानतळावर सामान हुंगायला कुत्री असतात, आणि बी म्हटलं की अधिकाऱ्यांच्या अंगात येतं. ते राहू दे, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. आपल्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अशा केसेस नोंदवल्या आहेत. तू आमच्या डोळ्यांवर फडकं बांधायचीस म्हणून आम्ही वाचलो. करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल चाललं असतं, पण त्या वासाने शाळेने आणखी एक चिठ्ठी पाठवली असती.

आणि तेल इथेही आहेच. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्याकडे टी ट्रीची झाडं आहेत. तिथले मूळ रहिवासी, बुंडजालुंग लोक, त्याची पानं ठेचून औषधाला वापरत आले. आता त्याचं तेल औषधाच्या दुकानात काचेच्या कपाटात बसतं. 2010 साली क्वीन्सलँडमधल्या मुलांवर केलेली एक चाचणी छापून आली. टी ट्री आणि लॅव्हेंडरच्या तेलाचं औषध लावलेल्या 42 मुलांपैकी 41 जणांची डोकी साफ झाली. नेहमीचं पायरेथ्रिनचं औषध लावलेल्या 40 पैकी फक्त 10 जणांची. गंमत अशी की पायरेथ्रिनसुद्धा शेवंतीच्या नात्यातल्या फुलांतूनच निघतं. म्हणजे दोन्हीकडे झाडपालाच, पण उवा पिढ्यान्‌पिढ्या एकाला सरावल्या आणि दुसऱ्याला अजून नाहीत. तेव्हा "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे म्हणणं मी सोडलंय. टी ट्रीचं तेल निव्वळ लावलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, आणि पोटात गेलं तर विषच. जावयांनी बाटली हातात घेऊन विचारलं, "हे चहात घालायचं का?" तेव्हापासून ती वरच्या फळीवर आहे.

तेल लावून काम संपत असतं तर मी हे पत्र कशाला लिहिलं असतं? उवा मेल्या तरी लिखांचा भरवसा नाही. त्या केसाच्या मुळाशी चिकटून बसतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्याने पुन्हा तेच. बाटलीवर हे बारीक अक्षरांत असतं. मोठ्या अक्षरांत 'नॅचरल'. इथलं आरोग्य खातं तर साधं पांढरं कंडिशनर चोपडायला सांगतं. ऊ वीसेक मिनिटं सुन्न पडते, तेवढ्यात बारीक फणीने विंचरायचं आणि पांढऱ्या कागदावर पुसून बघायचं. अगं, नागपूरला महालातल्या घराच्या पायरीवर खोबरेल चोपडून, पुढ्यात पेपर पसरून तू दुसरं काय करायचीस? तेवढं दोन नखांत टिचकन मारायचं मात्र सरकारने लिहिलेलं नाही. मी ते मुक्ताला शिकवलं आणि तिला इतकं आवडलं की उरलेली एक ऊ डबीत घालून वर्गात दाखवायला निघाली होती. डबी मी फाटकातच काढून घेतली.

मान मोडून येते गं. मुक्ता एकटी दोन मिनिटं स्थिर बसत नाही, आणि तुझ्यापुढे तर आम्ही तीन बहिणी, तेलकट डोकी, एप्रिलची दुपार, कूलर बंद. तू वैतागली नाहीस असं मी म्हणणार नाही, धपाटे आठवतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतींच्या मिरवणुकीला जायला सांग. काळी मारबत 1881 पासूनची, पण आपलं काम पिवळीला सांगा. ती 1885 पासूनची, जागनाथ बुधवारीतल्या तेली समाजाची, तेलाचा विषय तिला समजवायला नको. बाबांचा आवाज मोठा आहे. त्यांनी एकदा म्हणावं, "उवा-लिखा घेऊन जा गे मारबत!" कोणाच्या डोक्यातल्या म्हणून कोणी विचारलंच, तर मुक्ताचं नाव घेऊ नका, जावयांचं सांगा.

तुझी,
शुभा