हवा काढली का?

विमानातून सायकल घरी आणू पाहणाऱ्या माणसाला काउंटरवर एकच प्रश्न विचारतात. सायकल कशासाठी नेताय, पुण्यात ती चालवणार कुठे, चालवलीत तर परत घरी पोहोचणार का, असले अवघड प्रश्न कोणी विचारत नाही. प्रश्न एवढाच असतो: टायरमधली हवा काढली का?

आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांचे चिरंजीव नेदरलँड्समधलं शिक्षण आटोपून परतत होते. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. त्यामुळे पूर्वी आखातातून येणारे जसे टू-इन-वन आणायचे, तसा तिकडून येणारा मराठी मुलगा हल्ली सायकल आणतो. चिरंजीवांनी तयारी जय्यत केली. सायकलच्या दुकानातून रिकामं खोकं मागून आणलं. हँडल आडवं केलं, पुढचं चाक काढून बाजूला बांधलं, पेडल सोडवली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हा साक्षात्कार बोटाची सालं गेल्यावर झाला. सगळं वजन 23 किलोंच्या आत बसवलं. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटीमीटरच्या आत भरली पाहिजे असा साधारण दंडक आहे. सायकलचं खोकं 240च्या घरात जातं, म्हणून त्याचे जादा पैसे मुकाट्याने भरले. एवढं सगळं करून खोकं पट्ट्यावर ठेवलं, तर काउंटरवरच्या बाईंनी वजन पाहिलं नाही, पावती पाहिली नाही. त्यांनी खोक्याकडे संशयाने बघून विचारलं, हवा काढली का?

चिरंजीव इंजिनियर. त्यांनी समजावण्याचा प्रयत्न केला. तिथेच चुकलं.

हिशेब साधा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो 14.7 पीएसआय. विमानातला सामानाचा कप्पाही केबिनसारखाच दाबबंद असतो. तिथला दाब फार तर आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका उतरतो, म्हणजे 11च्या आसपास. फरक पडला चारेक पीएसआयचा. रोड सायकलच्या टायरमध्ये 80 ते 100 पीएसआय हवा सहज असते. पंप मारताना आपण ‘अजून दोन-चार मार रे’ म्हणतो, तेवढ्याचा हा मामला. कप्प्यातली हवा पार नाहीशी झाली, तरी टायरला जाणवणार जास्तीत जास्त 14.7 पीएसआय जादा. टायर तेही सोसेल. दर उन्हाळ्यात आपली मुलं मनालीहून लेहला आणि पुढे खारदुंगल्याला सायकली हाणतात. 17 हजार फुटांच्या वर तो घाट, तिथे हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो. तिथे माणसं धापा टाकतात, टायर नाही. बरं, विमानाच्या त्याच पोटात लोकांची कुत्रीही प्रवास करतात. तिथे दाब असतो म्हणूनच ती सुखरूप उतरतात. कुत्र्याच्या मालकाला मात्र अजून कोणी विचारलेलं नाही, की हवा काढली का?

आता गंमत बघा. ज्या विमानासाठी ही चौकशी चालते, त्याच विमानाच्या स्वतःच्या टायरमध्ये 200 पीएसआयच्या आसपास नायट्रोजन ठासलेला असतो. सायकलच्या दुप्पट. शिवाय उडाल्यावर मुख्य चाकं ज्या खोबणीत घेतात, ती दाबबंद नसते. म्हणजे सायकलचा टायर आत कुत्र्याशेजारी सुखात, आणि विमानाचा टायर बाहेर 35 हजार फुटांवरच्या विरळ हवेत, उणे पन्नास अंशांच्या थंडीत. पण वैमानिकाला काउंटरवर कोणी अडवत नाही. अडवायला हवं. नियम सर्वांना सारखा असतो ना? उड्डाण झालं की हवाई सुंदरीने घोषणा करावी, ‘प्रवाशांनो, सुरक्षेच्या कारणास्तव आपण आता विमानाच्या चाकांतली हवा काढत आहोत. मुंबईला उतरण्यापूर्वी ती पुन्हा भरली जाईल. ज्या प्रवाशांकडे पंप आहे, त्यांनी कृपया डाव्या बाजूच्या दरवाजाशी यावं.’ मग त्याच न्यायाने गळ्यात अडकवायच्या फुगीर उशा जप्त कराव्यात. 16 ब सीटवरच्या मावशींच्या पिशवीतलं चिवड्याचं पाकीट वर गेल्यावर टम्म फुगतं, त्याला टाचणी लावावी. ते फुगतं, पण फुटत नाही, हे लक्षात घ्या. दहा रुपयांच्या पाकिटाला जे झेपतं, ते हजारो रुपयांच्या टायरला झेपणार नाही, असं या मंडळींचं मत आहे. आणि पुढच्या वर्गात पाय पसरून बसलेल्या, आपल्या पदाची कल्पना सगळ्या विमानाला असावी अशा थाटात फोनवर बोलणाऱ्या सद्गृहस्थांना तर व्हॉल्व्हच नसतो. स्फोटाचा खरा धोका तिथे आहे.

ज्याला खरोखर घाबरावं अशी वस्तू सायकलमध्ये असते. इलेक्ट्रिक सायकलची लिथियम बॅटरी. 160 वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, आणि या सायकलींच्या बॅटऱ्या बहुतेक त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. ही बंदी योग्य आहे, कारण लिथियम पेटतं. त्या नियमाला कारण आहे, म्हणून तो डोक्यात राहतो. हवेच्या नियमाला कारण नाही, त्याला फक्त रकाना आहे. आणि ज्या नियमाला नुसता रकाना असतो, त्याची अंमलबजावणी सगळ्यात कडक होते, हे आपल्याला रेशनकार्डापासून हयातीच्या दाखल्यापर्यंत पाठ आहे. परदेशात तरी वेगळं असेल असं वाटायचं. नाही. कारकून सगळीकडे एकाच मातीचा.

चिरंजीवांनी अखेर काउंटरसमोर फरशीवर बसून चिकटपट्टी फाडली. परदेशी सायकलच्या व्हॉल्व्हला पेनाच्या निबाएवढी पितळी घुंडी असते. ती सैल करून अंगठ्याने दाबली, आणि फुस्स. मागे रांगेतल्या कोणाच्या तरी लहान मुलाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी समाधानाने चिठ्ठी चिकटवली. खोक्यात सायकलची चौकट वाकली असती, गिअर तुटला असता, तरी त्यांची हरकत नव्हती. हवा सुटली, विमान वाचलं.

पूर्ण हवा काढल्याने काय होतं ते कोणत्याही सायकलवाल्याला विचारा. रिमला टायरचा आधार राहत नाही. खोकं आपटलं की मार थेट रिमवर. ट्यूबलेस टायर असेल तर त्याची कड रिमवरून सुटते आणि आतला पांढरा चिकट द्राव खोकंभर पसरतो. म्हणजे ज्या सुरक्षेसाठी हवा काढली, त्या सुरक्षेपायी सायकल जायबंदी. पण सुरक्षा कोणाची, हे रकान्यात विचारलेलं नसतं.

आता माझा खरा राग. तिकडे काढलेली हवा इकडे भरायची कुठे? मुंबईहून टॅक्सीने सायकल पुण्यात आली. दुसऱ्या दिवशी चिरंजीव सायकल ढकलत पेट्रोलपंपावर गेले. तिथे पाटी आहे, ‘हवा-पाणी मोफत’. मोफत हवा पुरवणं पंपचालकावर बंधनकारक आहे, हेही सर्वांना माहीत आहे. पण हवेवाला जेवायला गेलेला असतो. तो सकाळी नऊला जेवायला जातो आणि दिवाळीपर्यंत जेवतो. तो आला तर मशीन बंद असतं. मशीन चालू असेल तर ‘सायकलला नाही, गाड्यांना आहे’ असं सांगतात. आणि चुकून दया आलीच, तर त्यांचं जाडं नोझल त्या परदेशी बारीक व्हॉल्व्हवर बसत नाही. ज्या शहराला सायकलींचं शहर म्हणून मिरवायला आवडतं, ज्या शहरात एकेकाळी दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सायकलवर होते, त्या शहरात आज सायकलच्या दोन चाकांपुरती हवा मिळत नाही. सायकल ट्रॅक मिळतात. ते लाल रंगाचे असतात, विजेच्या डीपीपाशी सुरू होतात आणि भेळेच्या गाडीपाशी संपतात. मध्ये स्कूटर लावलेल्या असतात. त्या ट्रॅकच्या उद्घाटनाला मात्र हवा भरपूर असते. फुगे असतात, भाषणं असतात. त्या दिवशी व्यासपीठावर जाऊन एकाने तरी विचारावं, हवा काढली का? नाही विचारत. तिथे विचारायची हिंमत लागते, काउंटरवर लागत नाही. गरीब वस्तूच्या मागे लागायला नियम तत्पर असतो, आणि सायकलइतकी गरीब वस्तू दुसरी नाही, मग ती लाखाची का असेना.

तेव्हा सायकल घेऊन येणाऱ्यांना सांगणं एवढंच. सायकल नेणार हे तिकीट काढतानाच कळवा, आणि होकार लेखी घ्या. काउंटरवर विज्ञान शिकवू नका, विमान सुटेल. हवा सगळी न काढता टायर बोटाने दबेल इतपत ठेवा आणि ‘काढली’ म्हणा, ते खोटं नाही. आणि बारीक व्हॉल्व्हवर बसणारा हातपंप आठवणीने त्याच खोक्यात टाका. इथे उतरल्यावर हवा भरून द्यायला कोणी येत नाही.