गळ्यातली जाळी

व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर लोक जातात ते रंगीत घरांसमोर फोटो काढायला. तिथल्या मुख्य चौकात लेसचं संग्रहालय आहे. आत शिरलेल्या जोडप्यांतली बायको काचेला नाक लावून टाके बघते आणि नवरा बसायला बाक शोधतो.

खरं तर नवऱ्यांनीच इथे ऐटीत फिरावं. सतराव्या शतकात या लेसचं बडं गिऱ्हाईक म्हणजे पुरुष. राजे, सरदार, कार्डिनल. गळ्याशी लेस, मनगटाशी लेस, बुटांच्या तोंडाशीही लेस! आमच्या पिढीने क्रोशाचे रुमाल फार तर टीव्हीच्या डोक्यावर पाहिले. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला फ्रान्सचा पैसा असा व्हेनिसकडे चाललेला बघवेना. 1665 मध्ये त्याने फ्रान्समध्येच लेसचे कारखाने काढले. दरबाऱ्यांची हौस मोडण्यापेक्षा ते सोपं गेलं असावं. इंग्लंडच्या होरेस वॉलपोल या लेखकाने तर 1769 मध्ये परदेशी पाहुण्यांचं स्वागत चक्क लाकडी लेस गळ्यात बांधून केलं. ग्रिनलिंग गिबन्सने कोरलेला तो गळपट्टा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. ना धुणं, ना इस्त्री!

बुरानोची लेस मात्र नुसत्या सुई-दोऱ्याची. कापडावर ठेवलेल्या कागदी नक्षीच्या रेघांवर आधी जाड दोरा टाचायचा, मग त्याच्या आधाराने हवेतच टाक्यावर टाका घेत जाळी भरायची. शेवटी खालचे टाचे कापले की कागद-कापड बाजूला आणि जाळी हातात. एका बाईला एकच टाका पक्का येणार, म्हणून तुकडा या हातातून त्या हातात फिरतो. बिघडला तर बोल कुणाला लावायचा, हा प्रश्न मला काचेसमोर उगाच पडला.

ही विद्या जवळजवळ बुडालीच होती. 1872 च्या कडक हिवाळ्यात मासेमारी ठप्प झाली, घराघरांत उपासमार आली, तेव्हा लेसची शाळा काढायचं ठरलं. जुना टाका येणारी उरली होती म्हातारी चेंचा स्कार्पारिओला. तिला करता येई, पण समजावून सांगता येत नसे. मग एका शिक्षिकेने तिच्या शेजारी बसून, बघून बघून तो उचलला. शाळा 1970 पर्यंत चालली. 1981 पासून तिच्याच इमारतीत हे संग्रहालय आहे.

तिथे कधी कधी बेटावरच्या वयस्क बायका लेस विणत बसलेल्या दिसतात. त्यांचे हात नीट बघून घ्या आणि मगच बाजारात जा. तिथे कुणी स्वस्तातली लेस हातची म्हणून दाखवली, तर हसून पुढच्या दुकानाकडे वळा.