गुरुजींचे साडेतीन हजार परत करा

पॅकेजवाले साहेब,

शहरातल्या तुमच्या टायरच्या दुकानात तुम्ही आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना दोन वर्षांचं ‘अनलिमिटेड’ अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं पॅकेज विकलंत. शेजारी मी उभा होतो, मलाही विकायला निघाला होतात. ‘घरी जाऊन हिशेब करतो,’ म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, ‘काका, यात हिशेब कसला? पाचोडचे ना तुम्ही? तुमच्याकडच्या रोडला तर हे घ्यायलाच पाहिजे.’

हिशेब केला आहे. तो चारचौघांत मांडतो, कारण तुमच्या काउंटरवर पाचोडचा, आडूळचा, विहामांडव्याचा माणूस रोज येतो आणि गावाचं नाव कळलं की तुम्ही त्याला हेच वाक्य ऐकवता.

रस्त्याचं तुम्ही काढलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. धुळे-सोलापूर हायवे, जुना २११ आणि आताचा ५२ नंबरचा, आमच्या गावावरून जातो. चौपदरी झाल्यापासून त्यावर गाडीला फारसा त्रास नाही. त्रास आहे तो हायवे सोडल्यावर. पैठणकडे वळा, नाहीतर खेड्यांकडे जा. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याची कड खाऊन टाकतात. गतिरोधकाला पांढरा पट्टा नसतो, रात्री तो चाकाखाली आल्यावरच कळतो. मोसंबीच्या हंगामात मळ्यातून माल काढायचा तर पाणंदीत गाडी घालावीच लागते. हे सगळं खरं आहे. आणि नेमकं याच माणसाला तुमचं पॅकेज उपयोगाचं नाही.

का, ते तुमच्याच कार्डाच्या मागच्या बाजूला छापलं आहे. चष्मा लावूनही गुरुजींना ते वाचता आलं नाही, इतकं बारीक. दोन अलाइनमेंटमध्ये किमान ५,००० किलोमीटरचं अंतर हवं. म्हणजे आज अलाइनमेंट करून निघालो आणि चार दिवसांनी चाक दणकून खड्ड्यात गेलं, तर पुढचे ५,००० किलोमीटर होईपर्यंत तुमचं अनलिमिटेड बंद. खड्डा काय मीटर बघून येतो? ज्या भीतीवर तुम्ही कार्ड विकता, त्या भीतीच्या वेळी कार्ड चालत नाही. खड्ड्यात रिम वाकली, बॉल जॉइंट गेला, लोअर आर्मचा बुश फाटला, तर त्यातलं काहीच पॅकेजमध्ये नाही. बॅलन्सिंगला रिमवर जी वजनं लावता, त्यांचेही ग्रॅमवर वेगळे पैसे.

आता आकडे. पॅकेज २,९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५३९. तुमच्याच भिंतीवरच्या बोर्डावर सुट्या कामाचा दर आहे: अलाइनमेंट ४००, चारही चाकांचं बॅलन्सिंग ४००, टॅक्ससह. गुरुजींची गाडी वर्षाला सात-साडेसात हजार किलोमीटर चालते. सोमवार ते शनिवार दारात उभी असते. दोन वर्षांत पंधरा हजार धरा. ५,००० ला एकदा, असं तुमच्याच नियमाने मोजलं तरी तीन वेळा. तिन्ही वेळा दोन्ही कामं केली तरी २,४०० होतात. तुमच्याकडे काहीही आगाऊ न भरता गुरुजी अकराशे रुपयांनी फायद्यात राहिले असते.

पण गाडी काही तुमच्या दारात राहत नाही. पाचोडहून शहर पन्नासेक किलोमीटर. जाऊन-येऊन शंभर. लिटरला अठरा किलोमीटर धरलं तर साडेपाच लिटर पेट्रोल, म्हणजे पावणेसहाशेच्या घरात. हायवेवरचा टायरवाला साडेतीनशे रुपयांत अलाइनमेंट करून देतो. तुमचं फुकटातलं अलाइनमेंट त्याच्या विकतच्यापेक्षा महाग पडतं. शहरात दवाखान्याचं किंवा कोर्टाचं काम असताना येऊ, तेव्हा पेट्रोल धरू नका, असं म्हणाल. नाही धरत. तरी वरचे अकराशे रुपये जातातच.

हे पॅकेज परवडणारा माणूसही मी शोधला. आमच्याकडून रोज शहराला काळीपिवळी जाते. रोजचे शंभर किलोमीटर, महिन्यातले पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला तीस हजार. ५,००० च्या अटीतही त्या ड्रायव्हरचं वर्षाला सहा वेळा काम निघतं आणि तो शहरात असतोच. त्याच्या चाकाशी जे काय होतं त्यावर आठ-नऊ माणसांचा जीव असतो. त्याच्यासाठी कार्डात काय आहे, तेही वाचलं: ‘व्यावसायिक वाहनांना लागू नाही.’ साहेब, ज्याला फायदा होईल त्याला दारातून परत पाठवायचं आणि ज्याला होणार नाही त्याच्या मागे लागायचं, हे तुम्ही विचार करून केलं आहे. ही अट छापखान्याच्या चुकीने आलेली नाही.

आता गुरुजींचं प्रकरण. ते दोन नवे टायर घालायला आले होते. नवे टायर घातल्यावर अलाइनमेंट तपासायचं असतं, इथपर्यंत तुमचं बरोबर. गाडी मशीनवर चढली, चारही चाकांना सेन्सर लागले आणि स्क्रीनवर लाल-हिरवे आकडे आले. मागच्या चाकाचा एक आकडा लाल होता. तुमच्या पोराने त्यावर बोट ठेवून गुरुजींना सांगितलं, ‘बघा, मागचा कॅम्बर आउट आहे, टायर खाईल.’ गुरुजी घाबरले. साडेसहा हजारांचे नवे टायर डोळ्यांसमोर होते. त्या क्षणी तुम्ही कार्ड पुढे केलंत.

गुरुजींना कोणीच सांगितलं नाही ते असं, की त्यांच्या छोट्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल एकसंध आहे. तिथला कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, फिरवायला कंपनीने नटच दिलेला नाही. तुम्ही दोन वर्षं रोज गाडी मशीनवर चढवलीत तरी तो आकडा लालच राहणार. अशा बहुतेक छोट्या गाड्यांत फिरवता येतो तो पुढच्या चाकांचा टो. टाय रॉडचा लॉक नट सैल करायचा, रॉड फिरवायचा, स्टिअरिंग सरळ धरून नट पुन्हा आवळायचा. काम महत्त्वाचं आहे. टो बिघडला की चाक सरळ फिरण्याऐवजी थोडं तिरकं घासत जातं आणि चांगला टायर काही महिन्यांत कडेने चाटून जातो. मी त्या कामाला नावं ठेवत नाही. जे काम त्या गाडीवर होऊच शकत नाही, त्याची भीती दाखवून तुम्ही पैसे घेतलेत, त्याला नावं ठेवतो.

आडूळच्या पुढे गेल्यावर गुरुजींच्या लक्षात आलं की गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग सोडलं की कडेला. दुसऱ्या दिवशी मीही चालवून पाहिली. चारही चाकांची हवा मोजली, सारखी होती. पुढचे दोन्ही टायर एकमेकांच्या जागी बदलून पाहिले, तरी ओढ डावीकडेच. म्हणजे दोष टायरचा नव्हता. रस्ता डावीकडे उतरता असेल म्हणून हायवेच्या सपाट पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी नेली. तेच.

आठवड्याने गुरुजी पुन्हा तुमच्याकडे आले तेव्हा गाडी जेमतेम तीनशे किलोमीटर चालली होती. तुम्ही कार्ड उलटं करून ५,००० ची अट दाखवलीत. गुरुजी म्हणाले, ‘अहो, पण हे नवीन काम नाही, मागचंच काम बरोबर झालेलं नाही.’ साहेब, याला तुमच्याकडे काय उत्तर होतं? कुठल्याही रस्त्यावरचा मिस्त्री आठवड्याच्या आत गाडी परत आली तर ‘आणा, बघतो’ म्हणतो आणि त्याचे पैसे घेत नाही. त्याच्याकडे कार्ड नसतं. तुम्ही गाडी वर उचललीत आणि सांगितलंत, लोअर आर्मचा बुश गेला आहे, तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट टिकणार नाही.

इथे मला तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे, त्याचं सरळ उत्तर द्या. बुश गेलेला असेल तर तो पहिल्या दिवशी का दिसला नाही? अलाइनमेंटच्या आधी गाडी वर घेऊन चाक हातांनी हलवून बघायचं, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश तपासायचे, हे काम शिकताना पहिल्यांदा शिकवतात. सैल सस्पेन्शनवर टो बसवला तर तो त्याच दिवशी हलतो. पहिल्या दिवशी तुम्ही तपासलं नसेल, तर त्या दिवशीच्या कामाचे पैसे घ्यायचा तुम्हाला अधिकार नव्हता. तपासलं असेल आणि बुश चांगला होता, तर आठवड्यात तीनशे किलोमीटरमध्ये गेला कसा? दोन्हींतलं एकच खरं असणार.

मला तर यात पॅकेजचाच गुण दिसतो. सुटे पैसे घेणाऱ्याला गिऱ्हाईक परत यावं असं वाटतं, कारण आलं की चारशे रुपये. तुमचे पैसे आधीच गल्ल्यात पडले आहेत. त्यानंतर गुरुजी जितक्या वेळा येतील तितका तुमचा मशीनचा वेळ आणि पोराची मजुरी फुकट. म्हणून एक तर त्यांना अट दाखवून परत पाठवायचं, नाहीतर एखादा पार्ट त्यांच्या गळ्यात मारायचा. आगाऊ पैसे देणाऱ्याला वाटतं आपण काळजी मिटवली. प्रत्यक्षात त्याने मिस्त्रीचा चांगलं काम करण्यातला स्वार्थच काढून घेतलेला असतो.

मी कार्ड घेतलं नाही आणि घेणार नाही. माझ्या गाडीला अलाइनमेंट कधी लागेल हे मला गाडीच सांगते. सपाट रस्त्यावर ओढायला लागली, सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं राहिलं, नवे टायर घातले, सस्पेन्शनचा पार्ट बदलला, किंवा मोठा दणका बसला, तर जायचं. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी गाडी थंड असताना टायरवर आडवा तळहात फिरवायचा. आतून बाहेर फिरवताना गुळगुळीत आणि बाहेरून आत आणताना बोटांना धार लागली, तर टो बिघडला आहे. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो बॅलन्सिंगचा प्रश्न, त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे देऊ नयेत. आणि कुठेही गेलं तरी आधी गाडी वर घेऊन दाखवा म्हणायचं, मग दर विचारायचा. पाचोडच्या मोसंबीच्या बाजारात कोणी पुढच्या दोन वर्षांच्या मालाचे पैसे डोळे झाकून देत नाही, ढीग उपसून बघतो. गाडीला वेगळा नियम कशाला?

‘काका, यात हिशेब कसला?’ हे तुम्ही ज्या देशात विचारता तिथे बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली कायदा झाला आणि २०१९ साली नवा कायदा आला. त्या नव्या कायद्यात सदोष सेवा मागे घेऊन पैसे परत न करणं याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. पावतीवर मुदत नसेल तर ३० दिवस. तुमच्या पावतीवर मुदत नाही, मी बघितली. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फीसुद्धा लागत नाही. ‘नॉन-रिफंडेबल’ असं कार्डावर छापलं म्हणून हे सगळं मिटत नाही.

गुरुजी भांडणारे नाहीत. त्यांनी छत्तीस वर्षं पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवली आणि आता साडेतीन हजारांसाठी कुणाच्या दारात उभं राहायला त्यांना लाज वाटते. त्या लाजेवर तुमचा धंदा चालतो, याचा मला राग आहे.

म्हणून त्यांच्या वतीने मी लिहितो. पहिल्या दिवसाच्या अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ८०० तुमच्या बोर्डाप्रमाणे कापा, काम बरोबर झालं नाही तरी कापा, आणि उरलेले २,७३९ रुपये त्यांच्या खात्यावर टाका. कार्ड आणि लाल-हिरव्या आकड्यांचा छापील रिपोर्ट, दोन्ही माझ्याकडे आहेत. पावतीच्या तारखेपासून ३० दिवस पुढच्या आठवड्यात संपतात. तोवर पैसे आले नाहीत, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे आणि त्यानंतर जिल्हा आयोगात. गुरुजींना गाडी चालवत यावं लागणार नाही, मी घेऊन येईन.

आपला,
पाचोडचा एक गाडीवाला