अण्णा आणि ड वर्ग

अण्णा लॅपटॉपला लॅपटॉप म्हणत नाहीत, दप्तर म्हणतात. जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षात त्यांची हयात गेली. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, गठ्ठ्यांना लावलेल्या चिठ्ठ्या आणि दरसाल निंदणीकरण. अ वर्गाचे कागद कायमचे ठेवायचे, ब वर्गाचे ३० वर्षं, क-१ ला १०, क ला ५ आणि ड वर्गाला जेमतेम १ वर्ष. मुदत सरली की यादी करायची, साहेबांची सही घ्यायची आणि कागद नष्ट करायचे. निवृत्तीनंतर मुलाने आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला तेव्हा घरच्यांना वाटलं, अण्णा आता त्यावर भजनं ऐकतील, नातीशी बोलतील. अण्णांनी पहिल्याच दिवशी सी ड्राइव्ह उघडला. १० टक्क्यांहून कमी जागा उरली की तिथली निळी पट्टी लाल होते, तशी ती झालेली होती. अण्णांनी चष्मा पुसला आणि बाह्या सरसावल्या.

ही जमात तुमच्याही बघण्यात असेल. लग्नात अक्षता पडायच्या आत मांडववाल्याला गाठून ‘आवरायला किती वाजता येणार?’ असं विचारणारे ते हेच. एखादी गोष्ट नव्याने सुरू होते याचं त्यांना काही वाटत नाही. सुरू होऊन जे मागे उरतं, त्यावर त्यांचा जीव. आणि पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेल्या कामाचं जास्त उरतं, म्हणून अर्धवट कामावर यांचं प्रेम अंमळ अधिकच.

त्यामुळे अण्णांच्या हातून कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम शेवटपर्यंत चढलेली नाही. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आता विंडोज ११ टाकून घ्या, असं पुतण्याने परोपरीने सांगितलं. दप्तर पात्र होतं. ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, या अटींत ते बसत होतं. जागा मोकळी करून अण्णांनी शुभमुहूर्तावर सेटअप सुरू केलं. पडद्यावर टक्के वाढू लागले आणि बत्तीसवर येऊन थांबले. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ अशी सूचना खाली होतीच. अण्णांनी चहा घेतला, पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं. टक्के बत्तीसच.

“फाईल एका टेबलावर इतका वेळ पडून राहिली,” अण्णा मला सांगत होते, “की समजायचं, वजन ठेवल्याशिवाय पुढे सरकणार नाही.”

इथे वजन ठेवायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी पॉवरचं बटण दाबून धरलं.

पुन्हा सुरू केल्यावर सेटअपला झाला प्रकार कळला आणि विंडोजची आधीची आवृत्ती परत आणत असल्याचं त्याने जाहीर केलं. थोड्या वेळात जुनं विंडोज होतं तसं हजर झालं. फोटो जागेवर, भजनं जागेवर. दुसरा कोणी असता तर देवाला नमस्कार करून दप्तर मिटलं असतं. अण्णांचं काम आता कुठे सुरू होत होतं. माघार घेतलेलं सेटअप आपलं सामान घेऊन जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सी ड्राइव्हवर ते दडवलेली फोल्डरं ठेवून जातं. त्यांतल्या मुख्य फोल्डरच्या नावात आधी डॉलरचं चिन्ह, मग विंडोज, मग टिंब, टिल्डची नागमोडी रेघ आणि शेवटी बीटी. त्याचंच भावंड डब्ल्यूएस. कधी जोडीला ईएसडी नावाचं आणखी एक. नव्या विंडोजसाठी उतरवून घेतलेला ऐवज त्यांच्यात असतो, आणि मिळून काही जीबी जागा सहज अडते.

ही फोल्डरं साध्या नजरेला दिसत नाहीत. अण्णांनी फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फायली दाखवायची खूण केली, वर सिस्टीमच्या संरक्षित फायलींवरचा पडदाही काढला. लगेच डेस्कटॉपवर ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाच्या दोन फिकट फायली उमटल्या. एक त्या वापरकर्त्याची असते आणि दुसरी सर्वांची. अण्णांनी ‘दुबार नोंद’ असा शेरा मारून त्यांतली एक तत्काळ रद्द केली. विंडोजचं त्यात काही बिघडलं नाही, पण अण्णांची भूक चाळवली.

पुतण्याने फोनवर सोपा मार्ग सांगितला. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. नाहीतर विंडोज ९८ पासून चालत आलेलं डिस्क क्लीनअप आहे. त्यात सिस्टीम फायलींचं बटण दाबा, अपुऱ्या इन्स्टॉलेशनच्या तात्पुरत्या फायलींसमोर खूण करा, संपला विषय. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ज्याचे कागद, त्यानेच नष्ट करायचे?”

“हो, काका. सुरक्षित असतं.”

“मग तपासणी कोण करणार?”

पुतण्याने फोन आईकडे दिला.

अण्णांनी ते फोल्डर हाताने उडवायला घेतलं, तर विंडोजने बजावलं की यासाठी ट्रस्टेड-इन्स्टॉलरची परवानगी लागेल. अण्णा दप्तराचे मालक होते, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते, तरी उपयोग नाही. सिस्टीमच्या फायलींची मालकी या ट्रस्टेड-इन्स्टॉलरकडे असते. ही विंडोजची अंतर्गत सेवा. मालकाच्या चुकीच्या हातांपासून मालकाचीच यंत्रणा वाचावी, म्हणून तिला हा अधिकार दिलेला असतो. चिडायचं सोडून अण्णा प्रसन्न झाले. “सक्षम प्राधिकारी!” ते म्हणाले. “नुसतं अध्यक्ष असून भागत नाही हो. सही लागते ती सीईओचीच.”

मग कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून, वहीत उतरवून ठेवलेल्या ओळी त्यांनी एका बोटाने टाइप केल्या. पहिली टेकओनची, म्हणजे फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घ्यायची. दुसरी आयकॅक्ल्सची, म्हणजे मालक झाल्यावर हक्कही द्यायचे. सातबारावर नाव चढलं तरी ताबा वेगळा घ्यावा लागतो, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ओळींमागून ओळी धावू लागल्या, तसे अण्णा प्रत्येक फायलीला मान डोलावत राहिले. शेवटी एका फायलीपाशी गाडं अडलं. ती फाईल काढायला परवानगी हवी होती खुद्द अण्णांची. त्यांच्याच नावाने विंडोज त्यांनाच सांगत होतं की, आधी यांना विचारून या.

तरुण माणसं इथे कीबोर्ड आपटतात. अण्णांना मात्र जुने दिवस आठवले. एकदा त्यांच्याकडे आस्थापनेचा अतिरिक्त कार्यभार होता. अभिलेख कक्षातल्या अण्णांनी दोन कपाटांची मागणी आस्थापनेतल्या अण्णांकडे पाठवली, आणि आस्थापनेतल्या अण्णांनी ती त्रुटी काढून परत केली. “त्रुटी खरीच होती,” ते आजही सांगतात.

त्यांच्या हाताला मात्र शिस्त आहे, हे कबूल केलं पाहिजे. विंडोजच्या पोटात विनएसएक्सएस नावाचं एक अवाढव्य फोल्डर असतं. त्याचा आकार पाहून साफसफाईच्या नादी लागलेल्या भल्याभल्यांचे हात शिवशिवतात आणि मग विंडोज कायमचं आजारी पडतं. अण्णांनी आकार पाहिला, वाचन केलं आणि निकाल दिला: “हात लावायचा नाही.” तिथल्या पुष्कळशा फायली हार्ड लिंकने जोडलेल्या असतात. फाईल डिस्कवर एकदाच असते, तिची नोंद दोन ठिकाणी दिसते, आणि बेरीज करणारा ती दोनदा धरतो. असली बेरीज करणारे अण्णांनी ऑडिटमध्ये आयुष्यभर पाहिले होते.

राग आहे तो विंडोज डॉट ओल्डवर. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. त्या सुमाराला अण्णा देवदर्शनाला गेलेले पाहून पुतण्याने घाईघाईने विंडोज १० चढवलं, आणि मध्ये कोणी नसल्यामुळे ते पूर्णही झालं. अण्णा परतले तेव्हा आधीच्या विंडोजचं हे गाठोडं जागेवर होतं. वर्गवारी करण्यासाठी त्यांनी पुढच्या आठवड्याचा मुहूर्त धरला. मुहूर्ताला पाहतात तर गाठोडं गायब. विंडोज ते १० दिवस ठेवतं आणि मग आपणच काढून टाकतं. विंडोज १० नवं होतं तेव्हा ही मुदत ३० दिवसांची होती, २०१६ च्या आवृत्तीत ती १० वर आली. “ड वर्गालासुद्धा वर्षभर धक्का लावत नाहीत,” अण्णा अजून फणफणतात. “आणि मुदत कमी केली, तर परिपत्रक कुठे आहे?”

मधल्या काळात उबुंटूही येऊन गेलं. नातीने पेन ड्राइव्हवरून ते चढवायला घेतलं, कसल्याशा पट्टीपाशी ते रेंगाळलं आणि अण्णांनी दप्तर मिटून टाकलं. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्यांनी लिनक्सची ती पार्टिशन्स रीतसर काढली आणि जागा सी ड्राइव्हला जोडून घेतली. तरीही दप्तर सुरू करताना बूटच्या यादीत उबुंटूचं नाव येतच राहिलं. ही यादी डिस्कवर नसते, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. त्यामुळे डिस्क कितीही घासली तरी नाव तसंच. शिवाय ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्येही उबुंटूचं एक फोल्डर मागे राहतं. “माणूस मयत,” अण्णा म्हणाले, “आणि हजेरीपटावर नाव चालू! पगारही निघत असेल.”

याच चौकशीत त्यांना ते ईएफआय पार्टिशन सापडलं. आकार जेमतेम १०० एमबी, अक्षर नाही, मालक नाही. अण्णांना ते उघड उघड अतिक्रमण वाटलं. वास्तविक दप्तर सुरू होताना पहिली हाक तिथेच जाते. विंडोजला उठवणारा प्रोग्राम तिथे राहतो, आणि ते पुसलं तर विंडोज डिस्कवर असूनही सापडत नाही. उजव्या बटणाने मेनू उघडला, तर त्यातले पर्याय फिके. मग अण्णा डिस्कपार्टपर्यंत पोचले. घरातले सगळे श्वास रोखून दारात उभे. वहीत कमांड तयार होती: डिलीट पार्टिशन, आणि पुढे ‘ओव्हरराइड’.

अण्णांचं बोट तिथे थांबलं. ओव्हरराइड म्हणजे वरिष्ठांची मनाई डावलून पुढे जाणं. उभ्या नोकरीत जे केलं नाही, ते आता उतारवयात करायचं? त्यांनी खिडकी बंद केली, वहीत ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत’ असं लिहिलं आणि जेवायला बसले. अँटिव्हायरसने जे वाचवलं नसतं, ते सरकारी नोकरीने वाचवलं.

एवढी सफाई झाल्यावर दप्तर मोकळं व्हायला हवं होतं. परवा पुतण्या विंडोज ११ चा हट्ट धरून पुन्हा आला, तर सेटअपने जागा अपुरी असल्याचं सांगून दारातूनच परत पाठवलं. पट्टी पुन्हा लाल. पुतण्याने आकारानुसार फोल्डरं लावली आणि सगळ्यांत वर आलेलं नाव मोठ्याने वाचलं: ‘नष्टीकरण अहवाल’.

काढून टाकलेल्या प्रत्येक फोल्डरचा अहवाल तिथे होता. काढण्यापूर्वीचा फोटो, काढल्यानंतरचा फोटो, कमांड धावत असतानाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ. अयशस्वी सेटअपच्या नोंदींच्या फायली रोजनामा म्हणून जोडलेल्या. आणि खातरजमेसाठी, नष्ट केलेल्या प्रत्येक फोल्डरची एकेक प्रत.

“काका, हे सगळं उडवूया?” पुतण्याने हळूच विचारलं.

“नष्टीकरणाचा अहवाल नष्ट?” अण्णा उठून उभे राहिले. “तो अ वर्ग आहे.”

बरीच हुज्जत झाल्यावर प्रस्ताव तरी मांडू द्यावा, एवढ्यावर ते आले. पुतण्याने कागदावर अर्ज लिहिला. अण्णांनी आवक क्रमांक घातला, टिपणी जोडली आणि तो स्वतःपुढे सादर केला. दुपारी झोपून उठल्यावर त्यावर निर्णयही दिला. सही लफ्फेदार, तारीख बरोबर, आणि वर लाल शाईतला शेरा: ‘एका प्रतीत आहे. सुरक्षिततेसाठी आणखी एक प्रत काढून ठेवावी.’