भाकीत सांगायला शिका: शिरूर-दौंडच्या नवशिक्यांसाठी

पहिली गोष्ट, बायबल वाचायचं नाही, नुसतं उघडायचं. डोळे मिटून बोट ठेवा. बोटाखाली येईल ते वचन आपल्याचसाठी. मागचंपुढचं बघायचं नाही. यिर्मया २९:११ घ्या. देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत, असं ते वचन. भिंतीवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या काचेवर छान बसतं. फक्त त्याच्या वरची ओळ झाकून ठेवा. तिथे बाबेलात धरून नेलेल्यांना सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. मुलाखतीला निघालेल्या पोराला हे कोण सांगणार?

सुटं वचन उचलण्यात काही गैर आहे का, असं कुणी विचारलंच तर त्याला लूकच्या चौथ्या अध्यायाकडे फिरकू देऊ नका. तिथे सैतानालाही ९१ वं स्तोत्र पाठ आहे.

आता भाकीत. त्यासाठी प्रकटीकरण. ते आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना, रोमच्या अमलाखाली जगणाऱ्या माणसांना लिहिलेलं आहे, ही माहिती पाळकसाहेबांकडेच राहू द्या. इफिस-स्मुर्णाच्या लोकांना त्यातून काय समजलं असेल, हा प्रश्न मनात आला की भाकीत संपलं. आपल्याला शिरूर पुरे. तेराव्या अध्यायातलं श्वापद बिबट्यासारखं आहे, आणि घोडकाठच्या उसात बिबटे आहेतच. श्वापदाला डोकी सात. वन खात्याच्या पिंजऱ्यात सापडतो त्याला एक. उरलेली सहा ‘आध्यात्मिक अर्थाने’ आहेत, असं ठोकून द्यावं. दौंडकरांनीही खट्टू होऊ नये. सोळाव्या अध्यायात फरात नदी आटते. मे महिन्यात भीमा बघून यावी. ६६६ हा आकडा नीरो कैसराच्या नावातल्या हिब्रू अक्षरांची बेरीज असावा, असं बरेच अभ्यासक म्हणतात. पण मेलेल्या नीरोचा मेसेज पुढे कोण पाठवणार? तो आकडा आधार कार्डात शोधा. काही जुन्या हस्तलिखितांत तो ६१६ आहे, हे तर बोलूच नका.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे जाताना चौफुल्याजवळ केडगाव आहे. तिथे थांबू नका. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन झालं. मुली तासन् तास प्रार्थनेत; प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय पुन्हा घडतोय, असं लोकांना वाटलं. एवढं डोळ्यांदेखत झाल्यावर दुसरं कुणी तारखा सांगत सुटलं असतं. मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई मात्र हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या बाई, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर परक्या भाषांची व्याकरणं! एप्रिल १९२२ मध्ये वारल्या, तोवर सबंध बायबल मराठीत आणण्याचंच काम चाललं होतं. खिळे जुळवून ते छापलं मिशनमधल्या बायकांनी. अशा नादाला लागलात तर भाकीत सांगायला वयच उरायचं नाही.

शेवटी येशूच्या पुनरागमनाची तारीख. मत्तय २४:३६ ओलांडून पुढे जा. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं तिथे येशूच सांगतो. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली आणि काहींनी उभं पीकही काढलं नाही. आपण ऊस कारखान्याला गेल्यानंतरची धरावी. ती टळली की योना पुढे करा: निनवे चाळीस दिवसांत उलथणार होतं, लोकांनी पश्चात्ताप केला म्हणून वाचलं. मात्र त्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय उपासनेत वाचू देऊ नका. त्यात शहर वाचलं म्हणून संदेष्टा रुसून बसलाय, आणि देव त्याला विचारतोय, तिथल्या एवढ्या माणसांचं, आणि गुराढोरांचंही, काय?